शिकाऊ हातांना जागा कोण देणार?



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या कार्यालयात बाप-लेक आले. मुलाला चारित्र्याचा दाखला हवा होता. दाखला लिहिता लिहिता आम्ही सहज विचारले, "कुठे लागलास?" मुलगा खाली बघू लागला. उत्तर बापाने दिले. "फादर, कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन दोन वर्षे झाली. कॉलेजातच कंपनीने निवडले होते, पत्र हातात होते. मग तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि शेवटी मेल आला, सध्या गरज नाही. आता जिथे जातो तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते मात्र सुरू झाले." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुम्हीच प्रवचनात सांगता, मुलांना शिकवा. आम्ही शिकवले. आमचे चुकले कुठे?"

दाखल्यावर सही करून आम्ही तो दिला. प्रश्नाचे उत्तर मात्र देता आले नाही. निघताना मुलगा एवढेच म्हणाला, "फादर, काम मिळाले तर शिकेन आणि शिकलेला असेन तरच काम मिळेल. मग सुरुवात करायची कुठून?"

हे दोन्ही प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहेत. आपल्या धर्मग्रामात असे घर हे एकच नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या रविवारी त्यांच्याविषयीच आपल्याशी बोलावे असे वाटले.

आधी हे क्षेत्र आजवर कसे चालत आले ते पाहू. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी होती. वर थोडे अनुभवी लोक आणि खाली दरवर्षी कॉलेजातून येणारे नवखे. परदेशी ग्राहक पैसे द्यायचे ते बहुतेक माणसांवर आणि तासांवर. फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास आणि तो कित्येक वर्षांत फारसा हलला नाही. माणूस स्वस्त असल्यामुळे काही महिने त्याला शिकवत बसणे कंपनीला परवडत होते. मग त्याला एखाद्या चालू प्रकल्पात बसवायचे. तिथे त्याच्या वाट्याला लहानसहान कामे येत. जुन्या प्रोग्राममधली एखादी चूक शोधायची, एखादा फॉर्म बदलायचा, चाचण्या लिहायच्या, कोणी काय केले याची टिपणे ठेवायची. वरिष्ठ त्याचा कोड तपासायचा, लाल खुणा करून परत पाठवायचा. नवखा तो दुरुस्त करायचा, पुन्हा चुकायचा. असे दोन-तीन वर्षे चालले की त्याचा हात बसायचा. आपल्यातले जे आज पुण्यात, ऐरोलीत किंवा परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांतले बहुतेक याच वाटेने वर गेले.

ही लहानसहान कामेच आता यंत्र करू लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले. कोड लिहून देणारी साधने त्याच्या थोडी आधीपासून होती, पण त्यानंतर ती झपाट्याने सुधारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितले की त्यांच्या कंपनीतील नव्या कोडपैकी पाव हिश्शाहून अधिक कोड कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते आणि इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. तपासायचे काम राहिले, ते अनुभवी माणसाचे. लिहायचे काम कमी झाले, ते नवख्याचे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लाखो कामगारांच्या पगारपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की तिथल्या २२ ते २५ वर्षांच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२च्या अखेरीस जी होती, तिच्यापेक्षा जुलै २०२५ पर्यंत जवळजवळ २० टक्क्यांनी घटली होती. त्याच व्यवसायातल्या वयाने मोठ्या, अनुभवी लोकांच्या नोकऱ्या मात्र टिकल्या किंवा वाढल्या. म्हणजे शिडी उभीच आहे, पण तिची खालची पायरी काढून घेतली जात आहे.

आपल्या देशातही पाणी ओसरल्याची खूण दिसते. २०२३-२४ या एकाच आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या ६३ हजारांहून अधिकने कमी झाली. पण सारा दोष यंत्रावर टाकणे सत्याला धरून होणार नाही. कोविडच्या काळात कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त भरती केली होती. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढले आणि तिथल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोकांना कमी करण्याचे जाहीर केले, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले होते. तेव्हा "एआयने नोकऱ्या खाल्ल्या" हे वाक्य सोपे आहे, पण पुरते खरे नाही.

पुढे काय होईल याविषयी जाणकारही एकमेकांशी सहमत नाहीत. मे २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीचे प्रमुख दारियो अमोदेई म्हणाले की एक ते पाच वर्षांत कार्यालयीन कामांतल्या सुरुवातीच्या निम्म्या नोकऱ्या जाऊ शकतात. त्याच वर्षी ॲमेझॉनच्या क्लाउड व्यवसायाचे प्रमुख मॅट गार्मन यांनी उलट मत मांडले. नवख्यांच्या जागी यंत्र बसवणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, दहा वर्षांनी शिकलेली माणसे आणणार कुठून, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि भाकितांचे म्हणाल तर २०१६ साली जेफ्री हिंटन या थोर संशोधकांनी सांगितले होते की एक्स-रे वाचणारे नवे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. पुढे २०२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते भाकीत काही खरे ठरले नाही. त्या सल्ल्यावर विसंबून ज्या तरुणाने ती वाट सोडली असेल, त्याचे नुकसान कोण भरून देणार?

म्हणून "नोकऱ्या राहतील की जातील" या प्रश्नाचे उत्तर द्यायचा आव आम्ही आणणार नाही. तो आमचा विषय नव्हे. मात्र या प्रश्नाच्या आत एक दुसरा प्रश्न दडला आहे आणि तो नीतीचा आहे. नवख्या माणसाला शिकण्यासाठी जागा देणे हे कोणाचे कर्तव्य आहे का? की तो केवळ बाजाराचा योगायोग होता, आजवर परवडत होते म्हणून दिले, आता परवडत नाही म्हणून संपले?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. त्याने दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. पहिली अशी की जे करायला शिकायचे ते करूनच शिकावे लागते. घरे बांधून माणूस गवंडी होतो आणि वाद्य वाजवून वादक होतो. दुसरी गोष्ट त्याने दुसऱ्या ग्रंथात गंमतीने म्हटली आहे. मागावरचा धोटा आपोआप विणू लागला आणि वाद्य आपोआप वाजू लागले, तर मालकाला नोकरांची गरजच उरणार नाही. ही दोन वाक्ये त्याने एकमेकांशेजारी ठेवली नाहीत. ती शेजारी ठेवण्याची वेळ आपल्या पिढीवर आली आहे. धोटा आपोआप विणू लागला, तर विणकर तयार होणार कसा?

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमांविषयी 'लाबोरेम एक्सर्चेन्स' हे परिपत्रक लिहिले. तरुणपणी ते स्वतः दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात राबले होते. त्यांनी कामाच्या दोन बाजू दाखवल्या. एक बाजू म्हणजे कामातून बाहेर जे तयार होते ते, आणि त्यासाठी लागणारी साधने. दुसरी बाजू म्हणजे काम करणारा माणूस, जो काम करता करता स्वतः घडत जातो. कामाला मोल येते ते मुख्यतः या दुसऱ्या बाजूमुळे, असे त्यांचे सांगणे आहे.

हे नवख्याच्या कामाला लावून पाहा. तो दिवसभर खपून एक चूक दुरुस्त करतो. त्यातून दोन गोष्टी तयार होतात, दुरुस्त झालेला प्रोग्राम आणि थोडा अधिक शहाणा झालेला तो मुलगा. कंपनीच्या वहीत नोंद होते ती पहिल्या गोष्टीची. दुसरी फुकटात होत आली, म्हणून तिची किंमत कोणी मांडलीच नाही. आता यंत्राने पहिली गोष्ट स्वस्त केली, तेव्हा हिशेब करणाऱ्याला वाटते की काम वाचले. दुसरी गोष्ट व्हायची थांबली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

इथे कोणी म्हणेल, "फादर, कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च तिने का सोसावा?" हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही, कारण त्या मोहात आम्ही स्वतः पडलो आहोत. आपल्या धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालाचे टंकलेखन आणि मांडणी दरवर्षी कॉलेजात शिकणारी एक मुलगी करीत असे. आठ-दहा दिवस जायचे, चुका व्हायच्या, आम्ही त्या काढून द्यायचो, तिला थोडे मानधन मिळायचे. मागच्या वर्षी घाई होती. आम्ही सारे टिपण यंत्राला दिले आणि तासाभरात अहवाल तयार झाला. पैसे वाचले, वेळ वाचला, आम्ही खूश झालो. काही दिवसांनी ती मिस्सेनंतर भेटली आणि म्हणाली, "फादर, या वर्षी माझे काही चुकले होते का?" त्या क्षणापर्यंत तिचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. आम्ही कोणावर अन्याय करायला निघालो नव्हतो. फक्त सोयीचे ते केले होते. मोठमोठ्या कंपन्यांतही बहुधा असेच घडत असेल. कोणी दुष्ट नसतो, प्रत्येक जण आपापल्या टेबलावर सोयीचे तेवढे करतो आणि खाली कोणाची तरी पायरी निघते.

मग कर्तव्य कुठून येते? आमच्या मते ते ऋणातून येते. आपल्या भारतीय परंपरेत पितृऋणाबरोबर ऋषिऋण सांगितले आहे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांचे ते देणे, आणि मिळालेली विद्या जपून पुढे नेल्याने ते फिटते. आम्हाला दीक्षा मिळाल्यावर ज्या वृद्ध धर्मगुरूंच्या हाताखाली पाठवले, त्यांना आमची पहिली प्रवचने ऐकावी लागली. ती लांबलचक होती, जड होती, अर्ध्या लोकांना झोप यायची. फादर स्वतः आमच्यापेक्षा कितीतरी चांगले बोलत. दर रविवारी त्यांनीच प्रवचन दिले असते तर लोकांचे भलेच झाले असते. तरी ते आम्हाला उभे करत, मागे बसून ऐकत आणि नाश्त्याच्या वेळी एकच चूक दाखवत. एका वेळी एकच. त्यांचे ते देणे आम्ही त्यांना परत करू शकलो नाही, ते प्रभूघरी गेले. ते फिटणार असेल तर आमच्या हाताखाली येणाऱ्या तरुण फादरांची कच्ची प्रवचने ऐकूनच फिटेल.

आज जे वरिष्ठ आहेत, त्यांतला एकही असा नाही की ज्याचे ओझे कधी काळी दुसऱ्याने वाहिले नाही. त्याचा चुकीचा कोड कोणी तरी रात्री जागून तपासला. तेव्हा "माझी टीम यंत्राच्या मदतीने पाच माणसांतच चालते, नवखा कशाला?" असे तो म्हणतो, तेव्हा तो केवळ खर्चाचा निर्णय घेत नाही. घेतलेले कर्ज बुडवत असतो. आणि "दुसरी कंपनी शिकवील, आम्ही तयार माणूस घेऊ" असे प्रत्येक कंपनी म्हणू लागली, तर विहिरीत भर घालणारा कोणी उरणार नाही, उपसणारे तेवढे उरतील.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. ते म्हणतात, "बँकांत कॉम्प्युटर आले तेव्हाही अशीच ओरड झाली होती. काही बिघडले का?" आपल्या धर्मग्रामात बँकेतून निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. १९८० च्या दशकातल्या त्या भीतीची त्यांना आठवण असेल. पण तेव्हा काय झाले ते नीट आठवावे. यंत्रे आपोआप येऊन सारे आपोआप सुरळीत झाले नाही. बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना समोरासमोर बसल्या, १९८३ मध्ये यंत्रांविषयी त्यांच्यात करार झाला आणि यंत्रे टप्प्याटप्प्याने आली. आणि तरीही टायपिंगच्या परीक्षा देऊन जी मुले-मुली नोकरीला लागायची, त्यांची ती वाट पुढे बंद झालीच. काही बिघडले नाही असे म्हणणारे बहुधा आत असलेले होते. दाराबाहेर राहिलेल्यांना कोणी विचारले नाही.

तात्पर्य, यंत्राचे काय करायचे हे माणसे ठरवतात. स्टॅनफर्डच्या त्याच अभ्यासात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. जिथे यंत्राचा वापर मुख्यतः माणसाचे काम काढून घेण्यासाठी होतो, तिथे तरुणांच्या नोकऱ्या घटल्या. जिथे ते माणसाच्या हाताशी राहून मदत करते, तिथे तशी घट दिसली नाही. तेच यंत्र, पण निवड वेगळी. मे २०२५ मध्ये पोपपदी निवड झाल्यावर दोनच दिवसांनी पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते कार्डिनलांना सांगितले. लिओ तेरावे यांनी १८९१ साली कारखान्यांतील कामगारांसाठी 'रेरूम नोव्हारूम' लिहिले होते, आज कृत्रिम बुद्धिमत्तेने मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी केली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. नाव निवडताना ज्या प्रश्नाची आठवण ठेवली गेली, तो प्रश्न आपल्या कार्यालयात दाखला मागायला आला होता.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो. तुमचे चुकले कुठे? मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात काही मजूर संध्याकाळपर्यंत बाजारात उभे असतात. मालक त्यांना विचारतो, दिवसभर असे रिकामे का? ते सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. हा दाखला आम्ही अनेकदा वाचला, पण त्या उत्तराकडे नीट लक्ष दिले नव्हते. ते आळशी नव्हते. ते पहाटे उठून आले नव्हते असेही कुठे म्हटलेले नाही. त्यांना कोणी बोलावले नाही, एवढेच. मालकानेही त्यांना बोल लावला नाही. आणि तो मालक दिवसभरात पाच वेळा स्वतः बाजारात गेला. कोणी उरले आहे का हे पाहायला त्याने दुसऱ्या कोणाला पाठवले नाही.

तेव्हा त्या भावाला आमचे उत्तर असे. तुमचे चुकले नाही. मुलाचेही चुकले नाही. त्याला घरी टोमणे मारू नका, शेजारच्या मुलाच्या पगाराशी त्याची तुलना करू नका. नोकरी गेली किंवा मिळाली नाही म्हणून माणसाची किंमत उतरत नाही.

तरुणांना आमचे सांगणे आहे की यंत्राला घाबरू नका आणि त्याच्या खांद्यावर बसूही नका. त्याच्याकडून उत्तर घ्या, पण ते उत्तर तसे का आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. रोज थोडा वेळ तरी स्वतःच्या हाताने लिहा, स्वतःची चूक स्वतः शोधा. शिकण्याचा तो भाग कंटाळवाणा असतो आणि तोच तुमचा असतो. एवढे करूनही नोकरी मिळेलच, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. खोटा दिलासा देणे हे धर्मगुरूचे काम नाही.

आणि जे वर आहेत त्यांना आमची विनंती आहे. तुमच्या हातात सारी कंपनी नसेल, पण एक जागा, एक इंटर्न, आठवड्यातला एक तास तरी असेल. पुढच्या वेळी माणसे मागायची यादी कराल तेव्हा एक नवखा मागा आणि त्याच्यासाठी दोन शब्द भांडा.

अहवालाचे काम आम्ही या वर्षी त्या मुलीकडे परत दिले आहे. ती यंत्राची मदत घेते, आम्ही हरकत घेत नाही. पण लिहिलेले घेऊन ती येते तेव्हा आम्ही दोघे बसून वाचतो. या वेळी यंत्राने दोन ठिकाणी आकडे चुकवले होते. ते तिने पकडले, आमच्या नजरेतून सुटले होते.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, धर्मग्रामाच्या हॉलमध्ये एक बैठक ठेवली आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात पाच वर्षांहून अधिक काम केलेल्यांनी आणि काम शोधणाऱ्या तरुणांनी अवश्य यावे. एका अनुभवी माणसाने एका नवख्याला सहा महिने हाताशी धरावे, त्याचे काम आठवड्यातून एकदा तपासावे, एवढाच बेत आहे. नोकऱ्या वाटायची ताकद आपल्यात नाही. पण बाजारात उभे असलेल्यांपर्यंत चालत जाण्याची आहे. नावे कार्यालयात द्यावीत. तो मुलगा येणार आहे. त्याच्यासमोर बसायला कोणी तरी हवे.

आपले धर्मगुरू